नदीकाठची सायकल फेरी कशी आखावी?

बचत गटाची सहल म्हटली की आपण जीप ठरवतो, देवदर्शन करतो आणि संध्याकाळी घरी येतो. आज वेगळ्या सहलीबद्दल बोलू या. आपल्यातल्या बऱ्याच जणी शाळेला सायकलवर गेल्या. पुढे लग्न झालं आणि सायकल सुटली. ती पुन्हा हातात घेऊन डोंगराळ भागातल्या नदीकाठी एक फेरी मारायची, तर ती आखायची कशी, हे सांगते.

उदाहरणाला वाईचा परिसर घेऊ. वाई, मेणवली, धोम आणि परत वाई. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोमच्या धरणात येते आणि पुढे वाईला पोचते. म्हणजे वाईहून धोमला जाताना आपण नदीच्या उलट्या दिशेने, हळूहळू चढावर जातो आणि येताना उतारावरून येतो. फेरी आखायचा पहिला नियम हाच : अंगात ताकद असते तेव्हा सकाळी चढ घ्यायचा, दमल्यावर उतार ठेवायचा.

दुसरा नियम : नुसते किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आहे. ऐकायला जवळ वाटतं. पण वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. म्हणजे पसरणीच्या घाटात जवळजवळ ६०० मीटर चढायचं. आपल्या बिनगिअरच्या सायकलीला हे झेपत नाही, आणि उतरताना तर ब्रेकवर फार ताण येतो. शिवाय पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी. म्हणून हा घाट आपल्या फेरीत नको. काठाकाठाने जाणारा रस्ता त्या मानाने सोपा असतो. एका नदीचं खोरं सोडून दुसऱ्यात शिरायचं म्हटलं की मध्ये खिंड किंवा घाट आलाच.

आता वेळेचा हिशोब. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर आणि धोम आठेक किलोमीटर. आत-बाहेर धरून फेरी वीस किलोमीटरची समजा. सवय नसलेली बाई तासाला आठ किलोमीटर आरामात जाते. म्हणजे अडीच तास सायकल आणि दोन तास थांबे. सकाळी सातला निघालं, तर ऊन चढायच्या आत परत.

थांबे बघण्यासारखे आहेत. वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, नदीकाठचा घाट आणि तिथली मोठी घंटा. वसईच्या विजयानंतर ती आणली असं सांगतात. ‘स्वदेस’ सिनेमाचं चित्रीकरणही मेणवलीत झालं होतं. धोमला नरसिंहाचं देऊळ आहे आणि कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी.

पण थांबा ठरवताना देवळाआधी बाईच्या गरजा बघा. स्वच्छतागृह कुठे आहे? प्यायचं पाणी? सावली? पंक्चर काढणारा? फोनला रेंज? एखादीला मध्येच त्रास झाला, तर एसटी किंवा जीप कुठून मिळेल? हे सगळं कागदावर लिहा. मग गटातल्या दोघींनी आठवडाभर आधी दुचाकीवरून तो रस्ता बघून यायचं. नकाशावर पलीकडच्या काठाला रेघ दिसते म्हणून तिथून सायकल जाईलच असं नाही. धरणाच्या भिंतीवरून वाट गृहीत धरू नका. गावातल्या बायकांना विचारा, त्यांना खरं माहीत असतं.

ऋतूही बघावा लागतो. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास शिवार हिरवं असतं आणि हवा बरी असते. पण ऊसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. तेव्हा अंधारात निघू नका, एकेरी रांगेत चला. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गुडघाभर असलं तरी त्यात उतरायचं नाही. परत फिरण्यात कमीपणा नाही.

निघण्याआधी हवा, ब्रेकचे रबर आणि चेन तपासा. पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट बांधा. ती चेनमध्ये अडकली की अपघात ठरलेला. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, पुढचा एकदम दाबू नका. सगळ्यांत सावकाश चालवणारीला पुढे ठेवा आणि दमदार बाईला सगळ्यांत मागे. म्हणजे कुणी एकटी मागे राहत नाही.

एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “ताई, बायकांनी कामाशिवाय कशाला भटकायचं?” प्रश्न खरा आहे, घरोघरी तो विचारला जातो. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांनाही लोकांनी टोमणे मारले. पण सायकल आली तशी बस चुकायची भीती गेली, पाणी आणणं, माल बाजारात नेणं सोपं झालं, आणि कुणाच्या मागे बसायची वाट बघावी लागली नाही. वीस किलोमीटर स्वतःच्या पायांवर फिरून आलेली बाई बँकेत, दवाखान्यात, तालुक्याच्या ऑफिसात एकटी जायला कचरत नाही. आणि मावशी, नदी बघणं हेही एक काम आहेच की! मनाचं काम.

तर पुढच्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी ठेवा. आपल्या जवळची नदी कोणती, पाणी कुठून कुठे वाहतं, चढ कुठे, थांबे कुठे, सायकली किती जणींकडे आणि उसन्या किती लागतील, एवढं लिहा. पहिली फेरी दहाच किलोमीटरची असली तरी चालेल. पण आखून करा आणि सगळ्या मिळून करा.