माळ म्हणजे पडीक नव्हे

शेतकरी बंधूंनो, गावचा माळ कागदावर पडीक असला तरी तो रिकामा नसतो. सोलापूर जिल्ह्यातला नान्नजचा माळ घ्या. तिथे १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कळप नि कुत्री फिरली की ते गेलेच! आज राज्यात हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झालाय.

नुकसान पाखरांपुरते थांबत नाही. जनावर आधी मारवेल, पवन्या असे चांगले गवत खाते. त्याला बी धरू दिले नाही तर कुसळी जागा बळकावते. तिचे कुसळ लोकरीत अडकते, मेंढराच्या तोंडात रुतते. मग कडबा विकत आणायचा.

म्हणून ग्रामपंचायतीने गायरानाचे तीन-चार भाग पाडावेत. पावसाळ्यापासून एक भाग बंद ठेवावा आणि बी झडल्यावर, दिवाळीच्या सुमारास, विळ्याने कापावा. चारा थोडा निबर होतो हे खरे, पण पुढच्या पावसाला गवत दाट येते. पुढल्या वर्षी दुसरा भाग. मेंढपाळांना बैठकीला बोलवा, नाहीतर बंदी कागदावरच राहते.

आणि वृक्षारोपणाचे उद्दिष्ट आले म्हणून माळावर ग्लिरिसिडियाचे खड्डे खणू नका. दाट सावलीत चांगले गवत टिकत नाही. झाडे बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा.