टेबलात टेबल: वेबसाइटचे पैसे देण्याआधी हे नक्की तपासा



समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. तुम्ही स्वस्तात वेबसाइट करून घेतली. लॅपटॉपवर एकदम छान दिसते. पण ग्राहक ती मोबाईलवर उघडतो तेव्हा अक्षरं बारीक, पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं आणि ‘ऑर्डर करा’ हे बटण स्क्रीनच्या बाहेर! ग्राहक वैतागून निघून जातो आणि तुम्हाला कळतही नाही. याचं एक कारण असू शकतं, नेस्टेड टेबल.

नेस्टेड टेबल म्हणजे काय?

घरातला मिसळणाचा डबा आठवा. मोठ्या डब्यात छोट्या वाट्या. तसंच पानावर एक मोठं टेबल आखायचं आणि त्याच्या एखाद्या चौकटीत दुसरं टेबल बसवायचं. 1990 च्या दशकात पानाची मांडणी करायला दुसरी चांगली सोय नव्हती, म्हणून डिझायनर सर्रास हीच युक्ती वापरायचे. तेव्हा साइट कॉम्प्युटरवरच बघितली जायची, त्यामुळे ते चालून गेलं.

आज अडचण कुठे येते?

स्क्रीन अरुंद झाली तरी टेबलाचे कॉलम शेजारी-शेजारीच राहतात, आपोआप एकाखाली एक येत नाहीत. आतल्या टेबलात मोठा फोटो टाकला की बाहेरचं टेबलही ताणलं जातं. आणि दुरुस्ती करताना आतला एखादा क्लोजिंग टॅग चुकून उडाला, तर सगळी मांडणी विस्कटू शकते. म्हणजे छोट्या बदलासाठीही पुन्हा डिझायनरला फोन, पुन्हा खर्च!

आज मांडणीसाठी सीएसएसमध्ये फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड आहेत. ग्रिड तर 2017 पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये चालतं.

मग टेबल वापरायचंच नाही का?

वापरायचं ना, पण योग्य जागी.

1. दरपत्रक: मसाला, वजन, किंमत. इथे साधं, एकच टेबल उत्तम.

2. ईमेल: दिवाळी ऑफरचं डिझाइन केलेलं ईमेल पाठवताय? विंडोजवरचं क्लासिक आउटलुक 2007 पासून ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. त्याला फ्लेक्सबॉक्स, ग्रिड समजत नाही. म्हणून ईमेलमध्ये आजही टेबलात टेबल चालतं, साधारण 600 पिक्सेल रुंदीचं. फक्त अती करू नका. ईमेलचा कोड 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल खालचा भाग कापतं. तुमचं ऑर्डरचं बटण तिथेच असलं तर?

पैसे देण्याआधी तीन गोष्टी

• साइट स्वतःच्या मोबाईलवर उघडा. पान आडवं सरकतंय का बघा.
• कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि यू दाबा. कोड दिसेल. त्यात टेबल हा टॅग शोधा. दरपत्रक नसतानाही तो जागोजागी सापडला, तर डिझायनरला कारण विचारा.
• ‘साइट मोबाईलवर नीट दिसली पाहिजे’ हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

कोडिंग तुम्हाला यायलाच हवं असं नाही. पण आपण कशाचे पैसे मोजतोय, हे मात्र कळायलाच हवं. आजच मोबाईल हातात घ्या आणि आपली साइट ग्राहकाच्या नजरेने बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!