लाकडावरचे चित्र : पांढरा कोण पुरवणार?

मागच्या भागापर्यंत आपण कागद आणि कापड यांवरच्या छपाईत रमलो होतो. या दोन्हींत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही, ती म्हणजे पांढरा रंग. झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या रंगीत प्रिंटरमध्ये सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा असे चार रंग असतात, पांढरा नसतो. चित्रातले ढग, आजोबांची दाढी, डोळ्यांतला पांढरा भाग हे सगळे कागद पुरवतो, तिथे शाई पडतच नाही. आणि जिथे पडते तिथेही उजेड शाईच्या पातळ थरातून खाली उतरतो, कागदावरून परत फिरतो आणि मग आपल्याला रंग दिसतो. आता कागदाच्या जागी सागाची फळी ठेवा. चांगला पांढरा कागद पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत पाठवतो. पॉलिश केलेला साग त्याच्या निम्माही पाठवत नाही, आणि जो पाठवतो त्यातला निळा अंश त्याने बराचसा आधीच शोषलेला असतो. म्हणून लाकडावर थेट छापलेले आकाश हिरवट, मळकट दिसते, तर विटकरी, शेंदरी आणि तपकिरी रंग छान खुलतात. ‘लाकडावर फोटो छापायला कोणते मशीन चांगले?’ असे लोक विचारतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : चित्रातला पांढरा कोण पुरवणार, लाकूड की शाई? त्याचे उत्तर ठरले की मशीन जवळजवळ आपोआप ठरते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते घरगुती पद्धतीत. लेझर प्रिंटरवर चित्राची उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी प्रत काढतात. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर अॅक्रिलिक जेल मीडियमचा हात देतात, प्रत पालथी घालून आतली हवा दाबून काढतात आणि रात्रभर वाळू देतात. दुसऱ्या दिवशी कागद ओला करून बोटांनी चोळायचा. त्याच्या बारीक वळकट्या होऊन निघतात आणि चित्र फळीवर राहते, कारण लेझरचा टोनर म्हणजे वितळून बसलेले रंगीत प्लास्टिक. पाण्याने ते विरघळत नाही. ओले असताना चित्र झकास दिसते. वाळले की त्यावर पांढुरकी साय येते. चिकटून राहिलेले कागदाचे तंतू कोरडे झाले की उजेड विखुरतात, त्याची ती साय. पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. हे सोपस्कार संपल्यावर खरी गंमत कळते. मूळ फोटोत जे जे पांढरे होते ते सगळे लाकडाच्या रंगाचे झालेले असते. नवरीचे दात सागवानी, डोळे सागवानी. दोष मीडियमचा नाही आणि चोळणाऱ्याचाही नाही. टोनरमध्ये पांढरा नव्हता आणि कागद आपण काढून टाकला.

साध्या इंकजेटची पाण्यातली शाई थेट लाकडावर सोडली तर आणखी एक अडचण येते. शाईचा थेंब जेमतेम २० मायक्रॉनचा, आणि सागाच्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या रुंद. शाई त्यांतून लांबीच्या दिशेने धावते आणि नाकाच्या कडेला मिशा फुटतात. सीलरचा हात दिला की धावणे थांबते, पांढऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. सब्लिमेशनमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला रंगाची वाफ होऊन ती पॉलिस्टरमध्ये शिरते. लाकडातल्या सेल्युलोजला ती धरत नाही. त्यामुळे बाजारात ‘लाकडी’ म्हणून मिळणाऱ्या सब्लिमेशनच्या फ्रेमवर पॉलिस्टरचा पांढरा थर आधीच चढवलेला असतो आणि खाली बहुतेक वेळा एमडीएफ असते. पांढरा तिथे कारखान्याने पुरवला, इतकेच.

उरते ती यूव्ही फ्लॅटबेड छपाई. हिच्यातली शाई वाळत नाही, घट्ट होते : अतिनील उजेड पडताच तिच्यातले सुटे रेणू एकमेकांत गुंफले जातात, तेही डोळ्याची पापणी लवेपर्यंत, त्यामुळे शाईला लाकडात मुरायला वेळच मिळत नाही. शिवाय या मशीनमध्ये टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी शाई असते. ती जड असल्यामुळे तळाला बसते, सतत फिरती ठेवावी लागते आणि खर्चही वाढवते. पण चित्रात कुठे पांढरा द्यायचा आणि कुठे नाही हे छापणाऱ्याच्या हातात प्रथमच येते. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी या सोयीचा उपयोग एकाच तऱ्हेने होतो : आधी सगळ्या फळीवर पांढरा, मग त्यावर फोटो. चित्र बिनचूक येते आणि लाकूड दिसेनासे होते. सागाचे पैसे देऊन फ्लेक्स विकत घेतल्यासारखेच हे! पांढरा चित्रातल्या मोजक्या जागीच द्यावा आणि मधल्या छटा लाकडावर सोपवाव्यात, असे माझे म्हणणे आहे. चेहऱ्याची त्वचा, वाळू, जुनी भिंत, संध्याकाळचा उजेड यांसाठी लाकूड स्वतःच उत्तम रंग आहे. पांढरा लागतो तो डोळ्यांतल्या चमकेला, सदऱ्याला, आकाशाच्या पट्ट्याला.

यावर पहिला आक्षेप संगणकवाले घेतील : रंगांचे प्रोफाइल बनवून लाकडाचा पिवळेपणा आधीच वजा करता येत नाही का? थोडासा येतो. पण चार शायांपैकी प्रत्येक शाई उजेड कमीच करते, वाढवत कोणीच नाही. फळीपेक्षा उजळ ठिपका त्यांच्यातून काढणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमणार नाही. मग पाईन, पॉप्लर, शिवणीसारखे फिकट लाकूड घ्या, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करा, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फिकट लाकडाने बराच फरक पडतो, हे खरेच. मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातले लिग्निन मोडते आणि फिकट लाकूड पिवळे पडत जाते; वरचा वॉर्निश ते लांबवतो, थांबवत नाही. पांढऱ्याची सगळी जबाबदारी लाकडावर टाकलेल्या चित्रात काही वर्षांनी प्रत्येक उजळ जागा खाली बसते. मोजक्या जागी पांढरी शाई असेल तर आजूबाजूचे लाकूड गडद झाले तरी चमक टिकून राहते, उलट थोडी उठूनच दिसते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने बहरलेली चित्रे फणसाच्या फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांचे लेप चढवून मगच रंगवली जात. मोनालिसाही पॉप्लरच्या फळीवर, पांढऱ्या अस्तरावर रंगवलेली आहे. इतक्या जाणत्या हातांनी लाकूड झाकले, तर आपण का झाकू नये? कारण त्यांना लाकूड दाखवायचेच नव्हते. हवा होता तो सपाट, ताठ पृष्ठभाग, आणि तो देणारी हाताशी असलेली वस्तू म्हणजे फळी. आज एमडीएफ, अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमचे पत्रे ते काम स्वस्तात आणि जास्त इमानाने करतात. एखाद्या कंपनीला तिच्या बोधचिन्हाचा निळा तंतोतंत हवा असेल तर पूर्ण पांढरे अस्तर हाच मार्ग, पण ते एमडीएफवर द्यावे.

इमानाचा मुद्दा नुसता सौंदर्याचा नाही. सागासारखे स्थिर लाकूडही हवेतला ओलावा घेते-सोडते. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते, ८० टक्क्यांच्या हवेत सुमारे १६ टक्के. या फरकाने ३०० मिलिमीटर रुंदीची, पॉलिश न केलेली सागाची फळी आडवी ५ मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात छापलेले चित्र कोकणात पावसाळा काढायला गेले तर त्यावरचा यूव्ही शाईचा कडक, अखंड पापुद्रा आडवा ताणला जातो आणि तंतूंच्या दिशेने उभ्या भेगा पडतात. पांढऱ्या अस्तरात त्या काळ्या रेघा होऊन दिसतात. तुटक पांढऱ्यात भेगेला सलग पापुद्राच मिळत नाही आणि बारीक भेग लाकडाच्या रेषेत मिसळून जाते. प्लायवूडचे थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने तिथे ही भीती फार कमी. पण अखंड फळी हवी असेल तर ती मागच्या बाजूनेही सील करावी लागते. हे काम छापणारा सुताराचे समजतो आणि सुतार छापणाऱ्याचे.

म्हणून काम देताना पूर्ण चित्राचा नमुना मागू नये. त्याच फळीचा कापून उरलेला तुकडा द्यावा, आणि त्यावर चित्रातला एकच उजळ भाग तीनदा छापून घ्यावा : पांढऱ्याशिवाय, निम्म्या पांढऱ्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर. तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर कोणत्या पट्टीतला झाकलेला आणि उघडा भाग दोन्ही पाहवतात, ते बघून पांढऱ्याचे प्रमाण ठरवावे. पुढच्या भागात पत्र्यावरची छपाई.