बीटी कपाशीतला जनुक वाचला कसा जातो?

बुऱ्हाणपूर शहराभोवतीच्या तापी खोऱ्यात केळीबरोबर कपाशीही होते. २००२ साली जालन्याच्या महिको कंपनीच्या कपाशीच्या तीन संकरित बीटी वाणांना परवानगी मिळाली. त्यांतला, बोंडअळी मारणारं प्रथिन बनवणारा क्राय१एसी हा जनुक मातीतल्या एका जीवाणूचा. मग कपाशीच्या पेशीला तो वाचता कसा येतो?

वनस्पती, प्राणी, माणूस या सर्वांच्या पेशीत डीएनए केंद्रकात असतो. जनुकाच्या सुरुवातीला ‘प्रवर्तक’ नावाचा भाग असतो. त्यावर आधी काही प्रथिनं बसतात आणि ती आरएनए पॉलिमरेज-२ या विकराला बोलावतात. हे विकर डीएनएचे दोन धागे सुटे करून एका धाग्यावरून आरएनएची प्रत काढत पुढे सरकतं. हेच प्रतिलेखन.

ही प्रत कच्ची असते. तिच्या एका टोकाला टोपी चढते, मधले, प्रथिनासाठी न लागणारे तुकडे कापले जातात, दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनिनची शेपटी लागते. मगच ती केंद्रकाबाहेर जाते आणि रायबोसोम तिच्यावरून प्रथिन बनवतात. जीवाणूला केंद्रकच नाही. तिथे प्रत निघत असतानाच प्रथिनही बनू लागतं.

जीवाणूचा प्रवर्तक कपाशीला उमगत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकाआधी फुलकोबीवरच्या एका विषाणूचा ‘३५एस’ प्रवर्तक जोडला. जनुकातली अक्षरंही काही ठिकाणी बदलली, नाहीतर ‘इथे थांबा’ असा चुकीचा इशारा मिळून प्रत अर्धवट तुटली असती. पुरेसं प्रथिन बनलं नाही, तर बोंडअळी मरत नाही.