देशात निर्मिती, परदेशात विक्री : सेडान मोटारींच्या बाजारपेठनिवडीचे अर्थशास्त्र (तळेगाव प्रकल्पाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
सोलापूर हे शहर चादर व टॉवेल यांसाठी सर्वदूर परिचित असले, तरी मोटार उद्योगाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. १९९२ मध्ये येथे स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनाच्या झडपांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट तयार करते. जनरल मोटर्स, फोर्ड यांसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना तिने हा भाग पुरविला आहे. तथापि, सोलापुरात घडलेला भाग ज्या मोटारीत बसतो, ती मोटार सोलापूरच्या रस्त्यावर दिसेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार हा घटक शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, जी गाडी आपल्याकडे बनते, ती आपल्याला का विकत नाहीत?" हा प्रश्न वरवर साधा असला, तरी त्याच्या उत्तरात करनीती, तांत्रिक नियम व रोजगार हे तीनही विषय गुंतलेले आहेत.

उद्दिष्टे :
१) विशिष्ट सेडान मोटारी विशिष्ट देशांत न विकण्यामागील कारणे स्पष्ट करणे.
२) तळेगाव प्रकल्पाच्या आधारे या कारणांची पडताळणी करणे.
३) अशा निर्णयांचा स्थानिक रोजगारावरील परिणाम पाहणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेख दुय्यम साधनसामग्रीवर आधारित असून विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

तळेगावचे उदाहरण :
जनरल मोटर्सने २००८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे मोटारनिर्मितीचा प्रकल्प सुरू केला. 'शेवरोले बीट' ही छोटी मोटार तेथे तयार होत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीजवळील वाहन प्रदर्शनात कंपनीने तिचे स्वतंत्र डिकी असलेले सेडान रूप 'बीट इसेन्शिया' या नावाने सादर केले. भारतीय ग्राहकांसाठी ती पुढील वर्षी येणार होती. परंतु १८ मे २०१७ रोजी कंपनीने त्या वर्षअखेरीस भारतातील विक्री थांबविण्याचे जाहीर केले. सेडानचे उत्पादन मात्र त्याच वर्षी तळेगावात सुरू झाले व ती मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकी बाजारपेठांकडे रवाना होऊ लागली. महाराष्ट्रातील कामगारांनी घडविलेली ही मोटार महाराष्ट्रातील ग्राहकास मात्र कधीच विकत घेता आली नाही.

कारणमीमांसा :
१) तांत्रिक नियम : प्रत्येक देशाचे सुरक्षा व उत्सर्जनविषयक नियम भिन्न असतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार प्रत्येक नव्या नमुन्याची पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. शिवाय भारतात चालक उजव्या बाजूस बसतो, तर मेक्सिकोत डाव्या. अशा बदलांचा खर्च एकदाच होतो. पण तो विकल्या जाणाऱ्या मोटारींवर विभागला जातो. समजा, हा खर्च ५० कोटी रुपये आहे. ५० हजार मोटारी विकल्या गेल्यास प्रत्येकीवर १० हजार रुपयांचा भार पडेल. केवळ २ हजार विकल्या गेल्यास तोच भार अडीच लाख रुपये होईल. टोयोटाची 'कोरोला' अनेक देशांत विकली जात असताना भारतातून २०२० मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार तिच्यात बदल करणे कंपनीने टाळले.

२) कररचना : २००६-०७ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्यासाठी लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलसाठी १२०० व डिझेलसाठी १५०० घनसेंटिमीटरपर्यंत असावे, अशी अट होती. वस्तू व सेवा करातही हा भेद टिकून राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. परिणामी जगात प्रचलित असलेली साडेचार मीटरची सेडान येथे महाग ठरते. फोक्सवॅगनने चाकण येथील कारखान्यात 'व्हेंटो' ही सेडान मेक्सिकोलाही पाठविली. भारतासाठी मात्र २०१६ मध्ये ४ मीटरच्या आत बसणारी 'अमिओ' खास तयार केली. एकाच कारखान्यातून दोन देशांसाठी दोन निराळ्या सेडान निघाव्यात, हा करनीतीचा प्रत्यक्ष परिणाम होय.

३) विक्रीचा आकार व सेवाजाळे : येथे एक शंका उपस्थित होते. बीटची सेडान ४ मीटरच्या आत होती. मग ती का रोखली गेली? २०१६-१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात सुमारे २६ हजार मोटारी विकल्या, तर सुमारे ७१ हजार निर्यात केल्या. देशांतर्गत बाजारातील तिचा वाटा एक टक्क्याहून कमी होता. एवढ्या अल्प विक्रीवर विक्रेते, सुटे भाग व दुरुस्ती केंद्रे यांचे देशव्यापी जाळे पोसणे परवडत नाही. निर्यातीत हा भार परदेशातील प्रस्थापित जाळे उचलते. म्हणजेच मोटार नियमांत बसत असली, तरी कंपनीच्या हिशेबात बसेलच असे नाही.

४) ग्राहकांची पसंती : भारतातील प्रवासी वाहनांच्या विक्रीत आज निम्म्याहून अधिक वाटा उंच, एसयूव्ही प्रकारच्या वाहनांचा आहे. नवी सेडान आणताना होणारी गुंतवणूक भरून येण्याची शक्यता त्यामुळे आणखी घटते.

रोजगारावरील परिणाम :
निर्यातीमुळे तळेगावचा कारखाना विक्रीबंदीनंतरही तीन वर्षे चालला, ही जमेची बाजू आहे. मात्र त्याचे भवितव्य दूरच्या बाजारपेठांवर आणि कंपनीच्या जागतिक नियोजनावर अवलंबून राहिले. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. कारखाना बंद करण्यास राज्य शासनाने जानेवारी २०२१ मध्ये परवानगी नाकारली, वाद न्यायालयात गेला आणि एक हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न लोंबकळत राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने प्रकल्पाच्या खरेदीचा करार केला व २०२५ मध्ये तेथे पुन्हा मोटारी तयार होऊ लागल्या. दरम्यानची वर्षे कामगारांना परत मिळाली नाहीत.

निष्कर्ष :
मोटार कोठे तयार होते व कोठे विकली जाते, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. एखादे मॉडेल न विकणे म्हणजे त्या देशातील ग्राहकास कमी लेखणे नव्हे. नियम, कर, विक्रीसंख्या व सेवाजाळे यांच्या एकत्रित हिशेबाचे ते फलित असते. मात्र ज्या कारखान्याचे उत्पादन त्याच्या स्वतःच्या देशात विकले जात नाही, त्याची मुळे उथळ राहतात. सोलापूर जिल्ह्यातील अनेक तरुण शिक्षण पूर्ण करून चाकण-तळेगावची वाट धरतात. नोकरी स्वीकारताना वेतनाबरोबरच 'येथे तयार होणारा माल कोण विकत घेतो?' हा प्रश्नही विचारावा, एवढी अर्थसाक्षरता त्यांना देणे ही आपणा अध्यापकांची जबाबदारी होय.