पक्ष्याच्या पाठीवरील पाच ग्रॅम

नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो अमूर ससाणे विसाव्यासाठी उतरतात. २०१२ मध्ये तेथे जाळी लावून त्यांची प्रचंड हत्या होत असल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबविली, आणि तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारी, सौरशक्तीवर चालणारी यंत्रे बसविण्यात आली. नागा, वोखा व पांगती ही त्यांना दिलेली नावे तेथील लोकांची आणि गावांचीच होत. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाणाऱ्या या पाहुण्यांचा प्रवास गावकऱ्यांना टप्प्याटप्प्याने कळू लागला आणि आपुलकी वाढली.

या जमेला खर्चाची बाजूही आहे. यंत्राचे वजन ५ ग्रॅम, तर पक्ष्याचे सुमारे १५०. ७० किलोच्या माणसाने सव्वादोन किलोंहून अधिक ओझे झोपेतही न उतरविता वाहण्यासारखे हे आहे. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत संशोधक पाळत आले आहेत. परंतु प्रश्न केवळ वजनाचा नाही. पट्टा घट्ट बसला तर कातडी सोलवटते व पिसे झिजतात. सैल राहिला तर चोच किंवा पंख त्यात अडकतो. पाठीवरील उंचवट्यामुळे हवेचा अवरोधही वाढतो.

२०१० मध्ये ८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्रे वाहणारे पक्षी अधिक शक्ती खर्च करतात आणि त्यांचे घरटी करण्याचे प्रमाण घटते, असे त्यात दिसून आले. क्रोझे बेटांवरील राजा पेंग्विनांच्या पंखांना तर ओळखीसाठी केवळ धातूची पट्टी बांधलेली होती. दहा वर्षांच्या निरीक्षणात, पट्टी नसलेल्या व कातडीखाली फक्त सूक्ष्म चिप असलेल्या पेंग्विनांपेक्षा त्यांना ३९ टक्के कमी पिल्ले झाली.

यात पक्ष्याची हानी आहेच, शिवाय ज्ञानाचीही आहे. ओझ्याने थकलेल्या पक्ष्याची नोंद निरोगी पक्ष्याची म्हणून वहीत चढली, तर पुढील सारे निष्कर्ष चुकतात. म्हणून दुसऱ्या मार्गाने उत्तर मिळत नसेल तेव्हाच आणि मोजक्याच पक्ष्यांवर यंत्र बसवावे. काम संपताच पट्टा आपोआप गळून पडावा. आणि झालेली इजाही निष्कर्षांइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावी. ज्याच्या पाठीवर हा भार पडतो, त्याची संमती कोणी घेऊ शकत नाही. त्यामुळे हा हिशेब काटेकोर ठेवण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.