शिळाछापाचे घाटावरील स्थलांतर

गोव्याकडून चोर्ला घाट चढून जांबोटीवरून बेळगावकडे येणारी ओझ्याची गाडी ज्याने पाहिली आहे, त्याला सपाटीवरचे वजन आणि घाटातले वजन यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. चढावर तेच ओझे गाडीला मागे ओढते आणि उतारावर पुढे लोटते. मग ते ओझे धान्याचे नसून छापखान्याचे असेल तर? पोते फुटले तर धान्य पुन्हा भरता येते. यंत्राचा सांगाडा ओतीव बिडाचा. बीड वाकत नाही, एकदम फुटते.

छापखान्यांच्या नशिबी प्रवास पहिल्यापासूनच आहे. १५५६ साली पोर्तुगालहून निघालेले मुद्रणयंत्र जायचे होते ॲबिसिनियाला. ते गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. भारतातील मुद्रणाचा आरंभ अशा अर्ध्यावर थांबलेल्या प्रवासातून झाला. परंतु ते यंत्र खिळ्यांचे होते. चित्रे छापणाऱ्या शिळाछापाचे बिऱ्हाड हलविणे त्याहून अवघड. कारण त्याच्याबरोबर दगडही हलवावे लागतात.

हे दगड म्हणजे काय? अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झेनेफेल्डर याने असे शोधून काढले की, बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडी दगडावर स्निग्ध शाईने आकृती काढून दगड ओला केला, तर पाणी कोऱ्या भागावर राहते आणि छपाईची शाई फक्त आकृतीला धरते. तेल आणि पाणी यांचे वैर, एवढीच ही विद्या. मात्र रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो. दोन फूट रुंद, अडीच फूट लांब आणि तीन इंच जाड असा एक दगड सुमारे ९० किलोचा भरतो. दहा रंगांचे एकच चित्र घेतले तरी ९०० किलो दगड झाला!

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला, तो जर्मनीहून आणविलेल्या यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या साह्याने. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथे प्रथम छापले गेले. पुढे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी पोहोचली. तोच १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. लोक शहर सोडून जाऊ लागले. माणसेच नसतील तर यंत्रे काय कामाची? १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. मळवली रेल्वेमार्गावर आहे, ही त्यातली मोठी सोय. तरी वाटेत बोरघाट होता. त्या काळी घाटात गाडीला एका ठिकाणी थांबून उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे, आणि एकंदर चढण सुमारे ५५० मीटरची.

असे यंत्र हलविताना ते अखंड उचलीत नाहीत. भाग सुटे करून प्रत्येकावर खूण घालतात, गुळगुळीत रुळांना वंगण फासून कापड गुंडाळतात, आणि मुख्य सांगाडा कप्पी, दोरखंड व पहारी लावून, लाकडी ओंडक्यांवरून इंच इंच सरकवितात. येथे घाई करणारा मुकादम नसलेला बरा. दगडाची तऱ्हा आणखी वेगळी. तो आडवा ठेवून मधोमध दाब आला, की एका धक्क्यासरशी दुभंगतो. म्हणून त्याला काठावर उभा करून, दोहोंमध्ये पेंढा भरून पेटीत घट्ट बसवितात. आकृती राखावयाची असल्यास तिच्यावर डिंकाचा लेप देतात. दहांपैकी एक दगड फुटला तरी नऊ दगड मिळून ते चित्र पुरे होत नाही. त्या रंगाचा दगड पुन्हा पहिल्यापासून रेखावा लागतो.

मुक्कामाला पोहोचल्यावर काम संपते असे मात्र नाही. जमीन भक्कम हवी, यंत्र पाणसळीने अगदी समपातळीत बसले पाहिजे. नाही तर दाब एका बाजूस अधिक पडून चित्र फिकट-गडद उमटते. त्यातून मावळचा पावसाळा! दमट हवेत कागद किंचित वाढतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. एक रंग आज छापला आणि दुसरा चार दिवसांनी, तर देवीच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जातो. छापणाऱ्याला जागेबरोबर तिथली हवाही नव्याने शिकावी लागते.

एवढे करूनही छापखाना रविवर्म्यांच्या हाती राहिला नाही. कर्ज वाढले होते, आणि व्यवहार हा काही त्या थोर चित्रकाराचा प्रांत नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी तो तेथीलच जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर यांना विकला. धन्याचे नाव बदलले, पण यंत्रे मळवलीतून हलली नाहीत. तेथे १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि तो जळून गेला.